कोरा रकाना आणि देवासच्या दोन पात्या

तीन वर्षांपूर्वी देवासचं एक मराठी कुटुंब आपल्या मंडळाकडे एक कागद घेऊन आलं. म्हणजे कागद नव्हे, मोबाइलवर काढलेला त्याचा फोटो. संवत १९५२ ची, म्हणजे इ.स. १८९५-९६ ची, कारकुनाची नेमणूक. मजकूर मोडीत, मायना नेहमीचा, आणि दरबाराचा उल्लेख फक्त ‘देवास दरबार’ एवढाच. कुटुंबाचा कुळवृत्तांत छापायला चालला होता. त्यांचा प्रश्न साधा होता : आमचे पणजोबा कोणत्या पातीत नोकरीला होते, थोरल्या की धाकट्या?

मी आमच्या संगणकातल्या नोंदी चाळल्या आणि दोन दिवसांत उत्तर दिलं : थोरली. घरातले वडीलधारे आजोबा तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. ते आयुष्यभर ‘आम्ही धाकट्या पातीचे’ असं सांगत आले होते. माझं उत्तर ऐकून थोडे गप्प झाले, मग म्हणाले, “कागद म्हणतो तर तसं असेल बुवा.” कुळवृत्तांतात ‘थोरली पाती’ छापलं गेलं.

उत्तर चूक होतं. कागदाने तसं काही म्हटलंच नव्हतं, ते मी म्हटलं होतं. ही चूक कशी झाली ते सांगण्यासाठी हा निबंध. जुन्या कागदांच्या याद्या संगणकावर करणारी मंडळी आता गावोगावी आहेत आणि या खड्ड्यात कुणीही पडू शकतं, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

पात्यांचा घोळ

बाहेरच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी फौजा माळव्यात आल्या, त्यांत पवार घराण्याच्या शाखा होत्या. नोव्हेंबर १७२८ मध्ये अमझेऱ्याची लढाई झाली. हे अमझेरा आज धार जिल्ह्यात आहे. पुढे धार एका शाखेकडे गेलं, आणि देवास तुकोजी व जिवाजी या दोन भावांकडे. तुकोजींचा वंश ती थोरली पाती, जिवाजींचा ती धाकटी. सुरुवातीला कारभार बराचसा सामाईक होता. पुढे वाटण्या होत गेल्या आणि एकाच गावात दोन राजवाडे, दोन दरबार, दोन कचेऱ्या झाल्या. १९४८ मध्ये दोन्ही संस्थानं मध्य भारतात विलीन होईपर्यंत हे चालू होतं.

इंग्रजी वाचकाला देवास माहीत असतं ते ई. एम. फॉर्स्टरमुळे. तो १९२१ मध्ये तुकोजीराव तिसरे यांचा खासगी सचिव होता, आणि त्याचं ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक १९५३ मध्ये आलं. ते देवास म्हणजे थोरली पाती. त्याच वेळी त्याच गावात धाकट्या पातीचे मल्हारराव राज्य करत होते. पुस्तक वाचून ‘देवासचा राजा’ म्हणणाऱ्याच्या मनातून दुसरा राजा सहज निसटतो.

सांगायचा मुद्दा, देवासच्या कागदावर नुसतं ‘देवास’ असणं म्हणजे अर्धी माहिती असणं. उरलेली अर्धी राजाच्या नावावरून, शिक्क्यावरून किंवा परगण्यावरून काढावी लागते. १८९५ सालचंच घ्या. त्या वर्षी थोरल्या पातीवर कृष्णाजीराव होते, धाकट्या पातीवर मल्हारराव. यांपैकी एक नाव सापडलं की प्रश्न मिटला.

आमची नोंदवही

मी इतिहासाचा शिकलेला माणूस नाही. नोकरीची पंचवीस-सव्वीस वर्षं पिथमपुरात कारखान्यात गेली, त्यातली बरीचशी तपासणी विभागात. मोडी शिकलो ती चाळिशीनंतर. त्यामुळे मंडळाने कागदांची यादी संगणकावर करायचं ठरवलं, तेव्हा ते काम आपोआप माझ्याकडे आलं.

तक्त्यांचा डेटाबेस घेतला नाही, कारण आमचे कागद एका साच्याचे नाहीत. ताम्रपटाला वजन आणि कड्यांची संख्या लागते, पत्राला मायना लागतो, शिलालेखाला दगडाची मापं. म्हणून मोंगोडीबी हा डॉक्युमेंट डेटाबेस घेतला. यात प्रत्येक नोंद म्हणजे आपापल्या रकान्यांचा एक गठ्ठा. तक्त्यात रकाना सगळ्यांना असतोच, भरलेला असो वा कोरा. इथे एखाद्या नोंदीत तो रकानाच नसू शकतो. ही मोठी सोय आहे, आणि फसलो तोही इथेच.

नोंदी भरायला पाच-सहा जण होते. माहिती नसली की प्रत्येक जण आपल्या पद्धतीने वागे. कुणी ‘पाती’ हा रकाना घालतच नसे. कुणी घालून त्यात ‘नल’ म्हणजे शून्यमूल्य ठेवी. कुणी दोन अवतरणचिन्हांत काहीच न लिहिता पुढे जाई. कुणी प्रश्नचिन्ह टाकी, कुणी आडवी रेघ. माणसाच्या डोळ्याला ही पाचही कोरी घरं सारखी दिसतात. संगणकाला मात्र त्या चार-पाच वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यातही कोणत्या कधी एक धरायच्या याचे त्याचे स्वतःचे नियम आहेत.

संगणक कोऱ्याला काय समजतो

हे नियम मी पुढे प्रत्येक प्रकारच्या नोंदी मुद्दाम बनवून तपासले. ते असे :

‘पाती बरोबर नल’ असं विचारलं, तर ज्यात नल लिहिलं आहे त्या नोंदी येतात, आणि ज्यात तो रकानाच नाही त्याही येतात. दोन्हींची सरमिसळ. फक्त रकाना नसलेल्या हव्या असतील तर ‘एक्झिस्ट्स : फॉल्स’ ही अट लावावी लागते. फक्त नल लिहिलेल्या हव्या असतील तर मूल्याचा प्रकार विचारावा लागतो, ‘टाइप : नल’ असा. कोरी अवतरणचिन्हं या तिन्हींत सापडत नाहीत, कारण संगणकाच्या दृष्टीने तो लिहिलेला मजकूर आहे, फक्त लांबी शून्य. प्रश्नचिन्हाचं आणि रेघेचंही तेच.

अनुक्रम लावताना आणखी गंमत. वर्षाप्रमाणे चढत्या क्रमाने लावा म्हटलं की वर्ष नसलेल्या नोंदी सगळ्यात आधी येतात. आमच्या पहिल्या छापील यादीत विसाव्या शतकातली एक बिनतारखेची पावती राजा भोजाच्याही आधी बसली होती. बैठकीत हशा झाला, मीही हसलो. तिथेच थांबून विचार करायला हवा होता.

कारण खरी मेख पुढच्या दोन नियमांत आहे. ‘१७६१ पूर्वीचे कागद’ मागितले तर वर्ष नसलेले कागद येत नाहीत. ‘१७६१ आणि नंतरचे’ मागितले तरी येत नाहीत. दोन्ही याद्यांमधून ते गुपचूप गळतात. उलट ‘१७६१ सालचे नसलेले’ असं मागितलं, तर तेच बिनवर्षाचे कागद सगळेच्या सगळे येतात. नकाराच्या प्रश्नाला कोरा रकाना ‘हो’ म्हणतो.

आता माझी चूक. मला थोरल्या पातीचे कागद हवे होते. पण ते कुणी ‘थोरली’ लिहिले होते, कुणी ‘थोरली पाती’, कुणी ‘ज्येष्ठ’, कुणी ‘सीनियर’. ‘धाकटी’ मात्र सगळीकडे एकसारखं होतं, कारण तो गठ्ठा एकाच व्यक्तीने भरला होता. मी इंजिनिअरची शॉर्टकट काढली : स्थळ देवास, पाती ‘धाकटी’ नाही. यादी आली, त्यात त्या कुटुंबाचा कागद होता, मी ‘थोरली’ सांगून मोकळा झालो. त्या नोंदीत ‘पाती’ हा रकानाच नव्हता.

आमच्या मंडळात एक विद्यार्थिनी आहे, नोंदी तपासायला येते. तिने नंतर ही क्वेरी पाहिली आणि विचारलं, “काका, ‘धाकटी नाही’ म्हणजे ‘थोरली’ असं कागदावर कुठे आहे?” मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

कोरं घर कशाने कोरं राहतं

तिच्या प्रश्नानंतर मी सगळ्या कोऱ्या घरांकडे नव्याने पाहिलं. कारखान्यात आम्हाला हे शिकवलेलं होतं : तपासणीच्या तक्त्यात रिकामा चौकोन दिसला तर ‘दोष शून्य’ समजायचं नाही, ‘मापलं का?’ हे आधी विचारायचं. इतिहासात आल्यावर मी ते विसरलो होतो. धार-देवासपुरतं बोलायचं तर कोऱ्या घराची निदान पाच कारणं मला दिसली.

पहिलं, ती गोष्ट तिथे लागूच नाही. धारच्या पत्राला पाती नसते. तिथे रकाना नसणं हेच बरोबर. त्याला ‘अपूर्ण नोंद’ म्हणून यादीत ओढलं तर भरणाऱ्याचा वेळ फुकट जातो.

दुसरं, गोष्ट होती, पण गेली. धारच्या भोजशाळा–कमाल मौला परिसरात १९०३ मध्ये एक मोठी शिळा उजेडात आली. ते श्रेय धार संस्थानातले शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांचं. त्या शिळेवर राजा अर्जुनवर्म्याच्या काळातल्या मदन कवीची ‘पारिजातमंजरी’ ही नाटिका कोरलेली आहे. नाटिका चार अंकांची, शिळेवर पहिले दोनच. उरलेले दोन दुसऱ्या शिळेवर असणार, ती हाती नाही. म्हणजे तिसऱ्या अंकाचा रकाना कोरा आहे, पण तो अंक होता हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. असा कोरा रकाना स्वतःच एक माहिती आहे. उद्या कुठल्या भिंतीत, पायरीत अक्षरं दिसली तर काय शोधायचं हे तो सांगतो.

तिसरं, नीट शोधलं आणि नाही सापडलं. धारचा लोखंडी स्तंभ लाट मशिदीपाशी तीन तुकड्यांत आहे, सगळ्यात मोठा तुकडा सात मीटरहून लांब. मशीद दिलावरखानाने १४०५ मध्ये बांधली, स्तंभ त्याहून जुना मानतात. त्याच्यावर अकबराच्या काळातला लेख आहे, नंतरच्या लोकांनी कोरलेली अक्षरं आहेत, पण मुळात कुणी उभारला ते सांगणारा लेख नाही. परंपरा भोजाचं नाव घेते. आमच्या नोंदीत ‘उभारणारा’ या रकान्यात काय लिहावं यावर दोन बैठका वाद झाला. शेवटी ठरलं ते असं : नल, आणि शेजारी कारण, ‘मूळ लेख नाही’. परंपरेचा रकाना वेगळा, त्यात ‘भोज’. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, एकीने दुसरीची जागा घ्यायची नाही.

चौथं कारण सगळ्यात जास्त वेळा भेटतं. लिहिणाऱ्याने लिहिलंच नाही, कारण वाचणाऱ्याला ते माहीत होतं. मराठेशाहीतल्या कित्येक पत्रांच्या शेवटी नुसतं ‘छ ७ जमादिलाखर’ असतं, म्हणजे चांद्र तारीख आणि महिना. वर्ष नाही. सरकारी कागद असेल तर सुहूर सन अरबी शब्दांत येतो, उदाहरणार्थ ‘इहिदे सितैन मया व अलफ’. एक, साठ, शंभर आणि हजार मिळून ११६१, म्हणजे इ.स. १७६०-६१, पानिपतचं वर्ष. धारचे यशवंतराव पवार त्या रणात पडले. पण घरगुती पत्रात कोण हे लिहितं? आपण तरी घरच्यांना पाठवलेल्या चिठ्ठीवर साल घालतो का?

असं वर्ष कधी कधी काढता येतं. हिजरी महिना दर वर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकतो. पानिपतच्या वर्षी जमादिलाखर जानेवारीत होता. तोच महिना ऐन पावसाळ्यात आला १७४५ च्या सुमारास, आणि पुन्हा १७७७ च्या सुमारास, कारण हे चक्र साधारण बत्तीस वर्षांचं आहे. तेव्हा पत्रात जमादिलाखर आहे आणि पेरणी नुकतीच झाल्याचा मजकूर आहे, तर १७६१ बाद, आणि उरलेल्या दोहोंपैकी एक माणसांच्या नावांवरून ठरतं. पण असं काढलेलं वर्ष ‘वर्ष’ या रकान्यात टाकायचं नाही. ते ‘अनुमानित वर्ष’, शेजारी अनुमानाचं कारण. छापील साधनखंडांतही संपादकाने ठरवलेलं साल आणि कागदावरचं साल यांत हा फरक असतो. आपण यादी करताना तो पुसून टाकतो.

महिन्याचंही असंच. जन्माष्टमी आपल्या घरात श्रावण वद्य अष्टमीला, शेजारच्या माळवी घरात भादों वदी अष्टमीला. दिवस एकच. दक्षिणेतून आलेल्या मराठी घराण्याचा कारकून अमावास्येला महिना संपवी, स्थानिक कारकून पौर्णिमेला. वद्य पक्षातली तारीख असेल आणि लिहिणारा कोणत्या रीतीचा हे ठाऊक नसेल, तर आपलं गणित थेट एक महिन्याने चुकतं. पण ‘मी अमुक रीतीने महिना मोजतो’ असं कुठल्याच कारकुनाने कधी लिहिलेलं नाही.

नावांमध्येही हेच. धारच्या मैनाबाईंचा मुलगा रामचंद्रराव लहानपणीच वारला, आणि त्यांनी बहिणीचा मुलगा दत्तक घेतला, त्याचं नावही रामचंद्ररावच. कागदात नुसतं ‘रामचंद्रराव’ आलं की कोणता, हे त्या काळच्या माणसाला विचारावंही लागत नव्हतं. आपल्याला लागतं.

पाचवं कारण बोलायला जड जातं. आपण पाहिलंच नाही. कागद नीट, डोळे दोन, तरीही राहून गेलं. या कुटुंबाच्या बाबतीत हेच झालं होतं.

शिक्का

विद्यार्थिनीच्या प्रश्नानंतर मी त्या घरी फोन केला आणि मूळ कागद पाहायला मिळेल का विचारलं. नातू तो घेऊन इंदूरला आला. खिडकीपाशी तिरका धरल्यावर वरच्या कोपऱ्यात शाईचा फिका गोल दिसला. मोबाइलच्या फोटोत तो कोपरा उजेडाने पांढरा पडला होता. भिंगाखाली पहिली तीन अक्षरं लागली नाहीत, पण शेवटी ‘राव’ आणि त्याआधी ‘र’ स्पष्ट. कृष्णाजीराव असतं तर ‘राव’च्या आधी ‘जी’ हवा होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात ‘मल्हा’ही लागलं. मल्हारराव. धाकटी पाती.

आजोबा बरोबर होते. ते ऐकायला राहिले नाहीत, चार महिन्यांपूर्वीच गेले होते. नातू रागावला नाही. म्हणाला, “काका, आजोबा शेवटपर्यंत म्हणायचे की आपल्या घरात चुकीचं सांगितलं जात होतं वाटतं.” हे वाक्य रागापेक्षा वाईट होतं. कुळवृत्तांताच्या उरलेल्या प्रतींत त्यांनी शुद्धिपत्र चिकटवलं आहे. वाटून झालेल्या प्रती तशाच राहतील, आणि तीस-चाळीस वर्षांनी कुणीतरी त्यातली एक पुरावा म्हणून घेईल.

आता आम्ही काय करतो

एक, कोरा रकाना कारणाशिवाय ठेवत नाही. ‘लागू नाही’, ‘होतं पण गेलं’, ‘शोधलं, नाही’, ‘लिहिलेलं नाही’, ‘अजून पाहिलं नाही’ अशी पाच कारणं, त्यातलं एक निवडायचं. कोरी अवतरणचिन्हं, रेघा आणि प्रश्नचिन्हं बंद. रकानाच नसेल तर अर्थ एकच : भरणाऱ्याने इथे विचार केलेला नाही. महिन्यातून एकदा ‘एक्झिस्ट्स : फॉल्स’ लावून या नोंदी काढतो आणि वाटून घेतो.

दोन, नकाराची क्वेरी एकटी चालवत नाही. ‘धाकटी नाही’ विचारायचं असेल तर सोबत ‘रकाना आहे, आणि तो नल नाही’ ही अट हवीच. नुसतं ‘रकाना आहे’ पुरत नाही, कारण त्यात नल असलेल्याही येतात.

तीन, बेरीज. थोरली, धाकटी, सामाईक आणि कोरे, चारही मोजायचे आणि देवासच्या एकूण नोंदींशी जुळवायचे. कारखान्यात आलेला माल, गेलेला माल आणि उरलेला माल जुळल्याशिवाय घरी जाता येत नसे. ही सवय इतिहासाच्या यादीला लावायला मला इतकी वर्षं का लागली, माहीत नाही.

चार, उत्तर देताना कागदाचं म्हणणं आणि आपलं अनुमान वेगळ्या वाक्यांत सांगायचं. समोरचा विश्वासाने आलेला असतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीविरुद्ध आपण कागद उभा करतो, तेव्हा कागदाने खरंच तसं म्हटलेलं असलं पाहिजे.

आणि एक पाचवा रकाना नवीन घातला आहे : ‘घरची आठवण’. कुटुंब काय सांगतं ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवतो, पटो वा न पटो. त्या नोंदीत तो आता भरलेला आहे : ‘आम्ही धाकट्या पातीचे.’

ज्यांच्याकडे देवासचे जुने कागद असतील त्यांना विनंती, फोटो काढताना चारही कोपरे आणि मागची बाजू घ्या, आणि एक फोटो तिरक्या उजेडात. जमलं तर कागदच दाखवायला आणा.